मामा, भिंतीला गळू द्या

तीर्थरूप बब्रुवान मामांच्या पायावर भाचा योगीराजचं डोकं.

मामीचे गुडघे, भाग्यश्रीची तब्येत आन् म्हशीचं दूध कसं हाय ते कळवा. मी इकडं अरुणाचलात बरा हाय (भातानं पोट भरतं, जेवल्यासारखं वाटत न्हाई). फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही "जेवलास का" इचारून फोन ठेवून देता. म्हणून पत्र. निकितानं अंगणात बसून मोठ्यानं वाचावं.

ओढ्यावरचा रस्त्याचा भराव खचला तवा मी सुट्टीवर होतो. गाड्या बंद. भाग्यश्रीला तपासायला उमरग्याला न्यायचं तर ट्रॅक्टरवर, ढेकळांतून, तेबी असल्या दिवसांत! कंत्राटदाराला माणसं कमी पडली म्हणून मीच दगड उचलाय गेलो (आईनं माझ्यासाठी केलेल्या पोळ्या मुकादमानं खाल्ल्या). भरावाला आधाराची भिंत उभी राहिली, भराव दाबला, जीप सुरू झाली, आन् तुम्ही पार जळकोटापर्यंत सांगत सुटलात की भाच्यानं एकट्यानं बांधली. तिथंच घोळ झाला. पाऊस पडला, भिंतीतल्या नळ्यांतून पाणी गळाय लागलं, आन् पारावरचा गुंडप्पा म्हणला, "बब्रुवानराव, भाच्याची भिंत मुतायली की!" तुमच्या जिवाला लागलं. तुम्ही सगळ्या नळ्यांत चिंध्यांचे बोळे कोंबले, वरून सिमेट लिंपलं आन् भिंतीपुढं निकिताला उभं करून मला फोटो धाडला, "आता बघ, थेंब न्हाई."

मामा, थेंब यावा म्हणूनच त्या नळ्या व्हत्या. भरावातलं पाणी आत तुंबलं की ते भिंतच ढकलतंय. फोटोत निकिताच्या मागं भिंतीला पोट आलंय, ते भाग्यश्रीच्याबी पुढं हाय. आधी भिंतीची सुटका झाली तर भाग्यश्रीच्या टायमाला पुन्हा ट्रॅक्टर. तुमची माया लई दांडगी, पण ती भिंतीला सोसंना झालीय.

तुमचाच,
योगीराज

ता.क. आजच कंत्राटदाराच्या माणसाला बोलवा आन् त्याच्याकडून बोळे काढून घ्या. तुम्ही स्वतः हात लावू नका, नळीच्या तोंडासमोर तर उभंच राहू नका. तोवर जीप त्या कडेनं जाऊ देऊ नका.

आणखी ता.क. निकिता, इथून पुढं मनात वाच आन् मामांच्या कानात सांग. फोटोत एका नळीतून हिरवा काठ लोंबतोय. मामीचं वाळत घातलेलं लुगडं गेलं म्हणून ती शेजारच्या सरुबाईशी बोलंना झालीय न्हवं? ते निघालं की गुपचूप धुवा आन् मामीला म्हणा, नातवाच्या दुपट्यासाठी काढून ठेवलं व्हतं.