पुढची बल्ली

सिरोंचा घाट,
कार्तिक शुद्ध नवमी

प्रिय मैना,

अनेक आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. कागद डोळ्यांपाशी आणून लिहितो आहे, तरी ओळ घसरते. आम्ही सुखरूप सिरोंच्याला लागलो. सुखरूप म्हणजे बांबूचा तराफा शाबूत आणि माणसं जागेवर. अंगाचं मात्र विचारू नकोस. आष्टीहून निघाल्यापासून पाठ टेकलेली नाही. यंदा पाणी लवकर ओसरलं, जिथं तिथं खडक डोकं काढून बसलेत.

इथं विसावा मिळेल म्हटलं, तर घाटावर ही गर्दी. कालेश्वराला जाणारे यात्रेकरू खालच्या तेलुगू मुलखातून लाँचीत बसून येतात. एक गेली की दुसरी. तिची लाट आली की आमचे बांबू एकमेकांवर आदळतात आणि माहूलवेलीच्या गाठी सुटायला बघतात. मग हातातली भाकर ठेवून सगळ्यांनी पाण्यात उतरायचं आणि तराफा धरून उभं राहायचं. वरून रेशमी लुगड्यांतल्या बाया बोट दाखवून हसतात. हसोत बापड्या. मला आता रागवायचाही कंटाळा येतो.

माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. तराफा वळवायची लांब बल्ली घेऊन पुढं उभं राहणाऱ्यानं पाणी ओळखायचं, बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर राहायचं. चपराळ्याच्या संगमापुढं एक खडक मला दिसलाच नाही. तुझ्या नवऱ्यानं मागून हाक घातली म्हणून वाचलो. संध्याकाळी मनसाराम जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामाजी, तुमाले दिसून नाई राह्यलं. मले द्या ना बल्ली." चारचौघांत बोलला नाही, गुणी जावई आहे.

आपली रीत तुला माहीत आहे. पुढची बल्ली सोडायची ती याच घाटावर, गोदावरीत शिरण्याआधी. नारळ फोडायचा आणि नव्या माणसाचे हात बल्लीवर ठेवायचे. घरच्याच माणसाला द्यायची, मुलगा नसेल तर जावयाला. आणि एकदा धरली की हात थकेपर्यंत त्याची सुटका नाही. दर वर्षी, सगळा हंगाम, त्यानंच पुढं उभं राहायचं.

काल सकाळी मनसाराम आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून उभा राहिला. मी नारळ फोडला आणि हाक मारली बिरजूला. बिरजू म्हणजे आमच्यातला मागची बाजू सांभाळणारा, ना नात्याचा ना गोत्याचा. तेवढ्यात लाँच आली. वरच्या लोकांना काहीतरी खेळ चाललाय असं वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनसारामचं तोंड उतरलं. "म्या का कमी केलो, मामाजी?" एवढंच म्हणाला. मी तोंड फिरवलं. तेव्हापासून तो बोलत नाही. मी आता तराफ्यावर स्वयंपाकाचं बघतो, तर माझ्या हातचा भातही खात नाही.

उद्या त्याला आलापल्लीच्या लाकडाच्या ट्रकवर बसवून देतो आहे, हे पत्र त्याच्याच हाती. तो कशातच कमी पडला नाही, मैना. त्याला पाणी माझ्याहून चांगलं कळतं, आणि म्हणूनच मी घाबरलो. तू जन्मलीस तेव्हा मी हीच बल्ली धरून खालच्या मुलखात होतो. घरी आलो तेव्हा तू बसायला लागली होतीस, आणि मला बघून भेदरून रडलीस. तुझी आई हसली, मीही हसलो, पण ते अजून टोचतं. पौषात तुझं बाळ येईल. त्यानं डोळे उघडले की बाप समोर पाहिजे. हे त्याला तोंडानं सांगायला गेलो असतो तर मलाच रडू फुटलं असतं. त्याला वाचता येत नाही, तूच जवळ बसवून वाचून दाखव. माझ्यावर रागावला तर रागावू दे, पण घरात बसून रागावू दे.

तुझाच,
बाबा