ठिपक्यांची पायवाट

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मावशी जिला ‘फूटपट्टी’ म्हणायची, तिचं अक्षर तू ओळखशीलच. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. इकडे ठीक. आईचा गुडघा अजून सुजलेला आहे. मावशीच्या कुंड्यांना मी एक दिवसाआड पाणी घालते.

मावशी गेली त्या दिवशी तू सगळ्यांसमोर माझ्या आईला म्हणालास, “माझी आई, तुझी सख्खी बहीण, दोन मिनिटांवर, आणि तुला पोचायला तास लागला?” आई गप्प राहिली. तू आलास त्याच गाडीने परत गेलास. मावशीच्या घरामागचं अंगण पाहिलंच नाहीस.

अंगणाला आठ फूट उंच भिंत आहे. पलीकडे आमच्या गल्लीचं टोक. आमच्या जुन्या भागात दर साठ मीटरला एक गल्ली दुसरीला मिळते. मावशीच्या नव्या वसाहतीतला प्रत्येक रस्ता कुठल्या तरी भिंतीशी संपतो. फाटक एकच, तेही हमरस्त्यावर. मावशीच्या दारापासून आमच्या दारापर्यंत सरळ नव्वद मीटर. रस्त्याने दोन किलोमीटर तीनशे.

घर घेताना तू नकाशात भिंतीतून जाणारी पायवाट पाहिली होतीस. ती ठिपक्यांची होती. झालीच नाही. “पोरानं हौसेनं घेतलंय, त्याला नको सांगूस,” मावशी म्हणायची. रोज चारला आई भिंतीतून जाणाऱ्या लोखंडी पाइपावर उलथनं वाजवायची. पलीकडून आवाज यायचा, “कैदी नंबर दोन हजर! बोल गं ताई.” मग तासभर गप्पा, एकमेकींचं तोंड न बघता.

त्या दिवशी आवाज आला नाही. फोनही नुसता वाजत राहिला. रिक्षा मिळेना, म्हणून आई चालत निघाली. सत्तेचाळीस मिनिटं. फाटकावरच्या वहीत नाव लिहायला आणखी सहा. मावशी ओट्याशी पडली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. किती, ते मी विचारलं नाही.

आई गप्प का राहिली, ते आता लिहिते.

त्या वसाहतीचा नकाशा नगररचना कार्यालयात माझ्याच टेबलावरून मंजूर झाला. नियम असा: रस्त्यांचे तुकडे भागिले चौक आणि बंद टोकं, उत्तर किमान एक पूर्णांक चार. तिथे चौक आणि टोकं मिळून पंचवीस, तुकडे चौतीस. म्हणजे नापास. ठिपके म्हणजे ‘पुढे कधीतरी’, ते धरायचे नसतात. मी धरले. पस्तीस झाले, म्हणजे पास. नजरचूक नव्हती, दादा. फाइल परत गेली असती तर वर्ष गेलं असतं, आणि मावशीने सामान बांधून ठेवलं होतं. मलाही ती जवळ हवी होती.

भिंत उभी राहिली तेव्हाच मी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, “कुणाजवळ बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल.” तुझ्यासमोरही तिने तेवढंच केलं.

काल मी कार्यालयात लेखी कळवलं. त्याचं काय व्हायचं ते होईल.

आई अजून चारला गल्लीच्या टोकाशी स्टूल टाकून बसते. उलथनं मांडीवर असतं. वाजवत नाही.

तिला फोन कर. चारला कर. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

मावशीची,
फूटपट्टी