फूलमतीबाईंच्या घरातली माणसं

चेरीताल, ५ डिसेंबर १९७१

उन्हाळ्यात सर आमच्या मानववंशशास्त्राच्या वर्गातल्या दोघांनाच मंडल्याकडच्या गोंड गावात राहायला नेणार. निवड आम्ही घरोघरी जाऊन भरतोय त्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवरून. नियम एकच, घरात रोज झोपतात तेवढीच माणसं मोजायची.

आज गोहलपुरात फूलमतीबाईंकडे गेले. गोंड आहेत, विटा वाहतात. घरात माणसं चार, पण त्या म्हणाल्या, "पाँच." पाचवा मुलगा फौजेत, लढाईवर गेलेला. मी नियम सांगितला.

"रोटी तो पाँच की बनत है, बिटिया. पाँच लिखो."

त्याच्या वाटची भाकरी त्या रोज शेजारच्या म्हातारीला देतात.

घरी आल्यावर ठरेचना. चार लिहिलं तर नियमात बसतं. पाच लिहिलं तर मंडला हातचं जाईल? आणि ती भाकरी कुठे लिहायची?

रविवार असूनही बाबा फॅक्टरीत ओव्हरटाइमला होते. आल्यावर त्यांना विचारलं. हात धुता धुता म्हणाले, "एवढा विचार काहून करून राहिली? तिचं घर तिला जास्त माहीत, का तुझ्या सरांना?"

पाच लिहिलं. भाकरीचंही खाली लिहिलं. उद्या फॉर्म देणार.

मन शांत आहे. मंडल्याला जायचं मात्र अजूनही फार मनात आहे.