रेंजच्या टेकडीवरचे फोन

नंदुरबार,
रविवार, दुपार

प्रिय सुषमा,

अक्षर ओळखलंस ना? हसू नकोस. वकिलांचं अक्षर डॉक्टरांच्याही वरताण असतं, पण तू रोज डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी नर्स, तेव्हा तुला जमेल. फोन सोडून हे पत्राचं खूळ कुठून आलं ते शेवटी सांगते. ड्यूटीवर असशील तर आत्ता वाचू नकोस, खोलीवर जाऊन निवांत वाच. आमच्याकडे सगळे मजेत. पप्पांनी कापडाच्या दुकानात मोठ्या हौसेने एसी बसवला आणि आता स्वतःच शाल पांघरून गल्ल्यावर बसतात. धनकंवर दादीचं माझ्यासाठी स्थळं बघणं चालूच आहे. मुलगी कोर्टात असते एवढंच ती पाहुण्यांना सांगते, कोणाच्या बाजूने उभी राहते ते नाही सांगत. मागे एकाने खोदून विचारलं, तेव्हा पप्पांनी चहा मागवून विषय बदलला.

माझ्याकडे हल्ली बहुतेक सायबरचीच कामं येतात, आणि तीही आरोपींची. ज्याचं नुकसान झालं तो पोलिसांकडे जातो, ज्याच्यावर आळ आला तो माझ्याकडे. कधी एखादा कॉलेजचा पोरगा, कधी शहाद्याची एखादी लहानशी कंपनी, जिच्या कॉम्प्युटरवरून कोणी भलतंच काहीतरी करून गेलेलं असतं. दुकानात पप्पांची ओळखीची गिऱ्हाइकं मला धरून विचारतात, बाई, तू चोरस्नी बाजू लई ऱ्हायनी का? मी हो म्हणते आणि पुढे जाते. कोणाकोणाला समजावत बसायचं! मी आरोपीला तू हे केलंस का, असं पहिल्या भेटीत कधीच विचारत नाही. तुझ्या फोनला कोणाकोणाचा हात लागतो, हे विचारते. पुण्याच्या वकिलाला या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मिळत असेल. आपल्या जिल्ह्यात अख्खी गल्ली मोजावी लागते, आणि तुमच्या डोंगरात तर अख्खा पाडा.

तुमच्या पाड्याचा जेठ्याभाऊ, नवापूरपर्यंत जीप चालवणारा, तो होळीनंतर आत गेला हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्याची वकील मीच आहे, हे मात्र तुला कोणी सांगितलं नसावं. तुमच्या भागातल्या आश्रमशाळेवर ब्राह्मणपुरीची एक तरुण शिक्षिका होती. कोणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडलं, घाणेरड्या फोटोंवर तिचा चेहरा चिकटवला आणि ते तिच्या होणाऱ्या सासरी पाठवले, शाळेच्या ग्रुपवर टाकले, गावभर केले. लग्न मोडलं. बाईने शाळा सोडली आणि माहेरी जाऊन बसली. कोर्टात ती वडिलांच्या शेजारी बसते आणि सुनावणीभर मान वर करत नाही. मला तिचं फार वाईट वाटतं गं, आणि तरी मी समोरच्या बाजूला उभी असते. पोलिसांनी माग काढला तेव्हा ते सगळं जेठ्याभाऊच्या मोबाइलच्या इंटरनेटवरून गेलेलं निघालं. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, फोन मन्हा शे, पन काम मन्हं नही. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं कोणीच ऐकलं नाही. या माणसाला चार ओळी धड वाचता येत नाहीत आणि म्हणे याने फोटो जोडले! त्याची बायको रमीबाई दर तारखेला येते. खुर्ची दिली तरी दाराशी जमिनीवर बसते, पिशवीतून माझ्यासाठी कैऱ्या काढते आणि एकच विचारते, तो कवय ई? कधी येईल ते साहेबांच्या हातात, एवढंच मी सांगते. जीप अंगणात तशीच उभी आहे म्हणते, चाकं बसली.

जामिनाच्या वेळी मला तुझं घर उपयोगी पडलं. आठवतं, मी नाताळला आले होते? मी मटण खात नाही म्हणून तुझ्या आईने माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात उडदाची डाळ शिजवली आणि कोणी चुकून त्यात पळी घालू नये म्हणून स्वतः राखण करत बसली. तेव्हाच तू मला त्या टेकडीवर नेलंस. पाड्यात कुठेच रेंज नाही, ती फक्त वर मोहाच्या झाडाखाली. म्हणून शेतात जाताना लोक आपापले फोन पिशवीत घालून फांदीला टांगून जातात आणि दिवस मावळताना काढून आणतात. कोणाच्याच फोनला कुलूप नाही. ज्याचा वाजेल त्याचा, तिथे असेल त्याने उचलायचा आणि खाली हाळी द्यायची. पाड्यातल्या योहानकाकांचा फोन वाजला तेव्हा मीच उचलला होता, आणि पलीकडच्या माणसाने मला न विचारताच सगळा निरोप सांगून टाकला! जेठ्याभाऊचा नेटपॅक सगळ्यांत मोठा, कारण प्रवासी त्याला फोन करतात, म्हणून त्याचा हॉटस्पॉट दिवसभर सगळ्यांना मोकळा. पासवर्ड ठेवणं म्हणजे त्याला पाण्याच्या माठाला कुलूप लावल्यासारखं वाटतं. हे सगळं मी कोर्टात सांगितलं, नाताळात काढलेले फोटो दाखवले. सरकारी वकील हसले, झाडाला फोन लागतात का म्हणून. न्यायाधीश साहेब हसले नाहीत. पण ते म्हणाले, फोन झाडावर टांगतात हे कळलं, वापरला कोणी हे कळलं नाही. जामीन नाकारला. खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मग मी दुसरी वाट धरली. ते खोटं खातं ज्या कंपनीच्या ॲपवर होतं, तिच्याकडून कोर्टामार्फत माहिती मागवली, की खातं कोणत्या फोनवर उघडलं आणि त्याला कोणता नंबर जोडला होता. उत्तर या गुरुवारी आलं. फोन जेठ्याभाऊचा नव्हता. त्याचं नुसतं इंटरनेट वापरलेलं होतं, हॉटस्पॉटवरून. मला टुणकन उडी मारावीशी वाटली. मग कारकुनाने तो जोडलेला नंबर मोठ्याने वाचला. पहिले पाच आकडे ऐकले आणि उरलेले पाच मी मनातल्या मनात त्याच्या आधी म्हणून मोकळी झाले. सरकारी वकील म्हणाले, नंबर बंद लागतोय, सिम कोणाच्या नावावर आहे ते काढायला वेळ लागेल, पुढच्या महिन्यातली तारीख द्यावी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जेठ्याभाऊ पोलिसांमध्ये उभा होता, तोही माझ्याकडेच बघत होता. मी पाच मिनिटं मागून घेतली, बाहेर नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग आत आले आणि अर्ज दिला, की आरोपी विनाकारण आत आहे, तेव्हा सिमच्या मालकाचं नाव आठवड्याच्या आत काढून त्याचा जबाब घ्यावा. साहेबांनी लगेच तसा आदेश दिला.

सुषमा, तो तुझा जुना नंबर आहे. लोणखेड्याच्या कॉलेजात असताना मी तो इतक्या वेळा लावला, की पप्पांच्या दुकानाच्या नंबरानंतर मला पाठ असलेला तोच एक. व्याऱ्याच्या दवाखान्यात लागलीस तेव्हा तू गुजरातचं नवं सिम घेतलंस आणि हे पाड्यावरच्या तुझ्या धाकट्या भावाला, जोएलला दिलंस, कारण त्याच्या आधारचा अंगठा जुळत नव्हता. तूच हसत हसत मला सांगितलं होतंस. सिम अजून तुझ्याच नावावर आहे, म्हणून पोलीस तुझ्या दारात येतील, आणि ते माझ्या अर्जामुळे येतील. मी फोन केला असता तर आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराला फोन केला एवढीच नोंद राहिली असती, काय बोललो ते दाखवता आलं नसतं आणि उद्या ती तुझ्यावरच उलटली असती, म्हणून हे पत्र. यात मी कसलं गुपित फोडत नाहीये, सगळं भर कोर्टात झालं आहे, आणि हे पत्र कोणी कोर्टात वाचलं तरी माझी हरकत नाही. जोएलनेच केलं असं मी म्हणत नाही, त्याला मी तो लहान असल्यापासून ओळखते आणि मला ते खरं मानता येत नाही. पण त्याला काही पुसायला, फेकायला सांगू नकोस. धुळ्याच्या भूपेश वकिलांकडे घेऊन जा, माणूस सरळ आहे. मी त्याची केस घेऊ शकत नाही. तू आईसारखं त्याला वाढवलंस, पोलीस आले की पहिल्यांदा तुझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत आहे. सिम हरवलं होतं, असं म्हणशील. म्हणू नकोस, बाई. तसं म्हटलंस तर जेठ्याभाऊ आतच राहील, आणि मग साक्षीच्या पिंजऱ्यात तुला उभी करून, प्रश्नामागून प्रश्न विचारून, तुला खोटं पाडणारी मीच असेन. मला ते चांगलं जमतं, आणि मी ते करीन.

तरीही तुझीच,
जिया