स्वच्छ बेल्ट, सुरक्षित माणूस

४ फेब्रुवारी
आजपासून मी सेफ्टी ऑफिसर. मेहुण्यांची रंगकामाची काँट्रॅक्टरी आहे. कारखान्यातल्या मोठमोठ्या टाक्या त्यांची माणसं रंगवतात. कंपनीने यंदा फर्मान काढलं की प्रत्येक काँट्रॅक्टरकडे सेफ्टीचा माणूस आणि सेफ्टीचा प्रोग्रॅम पाहिजे. या महिन्यातल्या ऑडिटमध्ये नापास झाला त्याच्या सगळ्या माणसांचे गेटपास बंद. मेहुण्यांनी ताबडतोब मला बोलावलं. बायको म्हणाली, दादाला एवढ्या स्वस्तात दुसरं कोण मिळणार. सख्ख्या नवऱ्याची पारख तिला कधीच नव्हती.
कोर्स केला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. संकल्प: ऑडिटमध्ये आपला नंबर पहिला.

५ फेब्रुवारी, दुपार
साइट पाहिली. शी.
स्टोअरचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. भिंतीवर ओळीने सेफ्टी बेल्ट टांगलेले. खांद्यावरून आणि मांड्यांतून पट्टे घेऊन हे बेल्ट अंगावर चढवायचे, दोर वर अडकवायचा आणि मग परांचीवर जायचं, अशी पद्धत. त्या पट्ट्यांत कित्येक उन्हाळ्यांचा घाम, रंग, ग्रीस आणि तंबाखू. कोणाचा बेल्ट कोण घालतो याचा पत्ता नाही. हेल्मेटं उलटी करून बघितली तर आत केसांच्या तेलाचा थर. एक हेल्मेट नाकाजवळ नेलं, ही माझी चूक. जेवणाचा डबा तसाच परत आणला.
परांची बांधणारा फिटर ताडमाड उंच आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याला विचारलं, हे कधी धुता का? म्हणाला, साहेब, बेल्ट धरून ठेवतो ना, मग बास. वासाने अजून कोणी खाली पडलेलं नाही.
गाढवाला गुळाची चव काय.

६ फेब्रुवारी
स्वतःसाठी नवीन पांढरं हेल्मेट आणि नवीन बेल्ट मागवला. बेल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवला आहे. पिशवीसकट कपाटात, कपाटाला कुलूप. इतरांचे हात लागायला नकोत.
मेहुण्यांनी विचारलं, वर कधी चढणार? म्हटलं, ऑफिसरने खालून बघायचं असतं, खालून सगळं एकदम दिसतं. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि तुमच्याकडे तर उंटही नाही. उंचीची मला भीती नाही. फक्त खाली बघवत नाही, आणि वर बघितलं की मान दुखते.

९ फेब्रुवारी
आजपासून रोज सकाळी टूलबॉक्स टॉक. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी माणसांना उभं करून सुरक्षेबद्दल बोलायचं. आजचा विषय: शरीराची दुर्गंधी आणि अपघात. चांगला रंगलो. माणसं भारावून गप्प उभी होती. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो, त्याला सावरायला वेळ दिला. लंबू म्हणाला, साहेब, तुमच्यामागे थिनरचा डबा उघडा आहे.
पालथ्या घड्यावर पाणी. पण पाणी ओतणाऱ्याने ओतत राहावं.

१२ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. महाधुलाई.
जुना लोखंडी पिंप भट्टीवर चढवला. उकळतं पाणी, मूठमूठभर ब्लीचिंग पावडर, आणि जुना रंग काढायला ठेवलेला कॉस्टिक सोडा. सगळे बेल्ट आत. काठीने स्वतः ढवळले, नाकाला रुमाल बांधून. पाण्याचा जो रंग झाला तो इथे लिहीत नाही, रात्रीचं जेवण अजून व्हायचंय.
बेल्टांना कापडाची मळकी लेबलं लोंबत होती, चिंध्या नुसत्या. ती आधीच कात्रीने उडवली. स्टोअरकीपर म्हणाला, त्यावर नंबर असतो आणि धुण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं. म्हटलं, मी धुतोच आहे ना? असली फडकी वाचत बसलो तर कामं कधी होणार.
हेल्मेटं थिनरने खसाखसा पुसली. मग पेंटरांना बसवून सगळ्यांवर पांढऱ्या रंगाचे दोन हात. जन्मभर टाक्या रंगवल्या, पण डोक्यावरचा टोप रंगवायचं एकाला सुचलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी
सगळं वाळलं. बेल्ट निळे होते ते सायीच्या रंगाचे झाले. वास अजिबात नाही. हाताला जरा कडक लागतात, इस्त्री केल्यासारखे. झटकले की पांढरी भुकटी पडते. साबण असणार. पिंपात साबण घातला नव्हता, पण तरी.
लंबूने बेल्ट दोन्ही हातांत ताणून बघितला आणि म्हणाला, जुनाच बरा होता. ज्याचं करावं भलं.

१६ फेब्रुवारी
बॅनर आला. दोन माणसं लागली उचलायला. त्यावर मी, कमरेपर्यंत, पांढऱ्या हेल्मेटमध्ये, अंगठा वर. खाली घोषवाक्य: स्वच्छ बेल्ट, सुरक्षित माणूस. वाक्य माझंच. फोटोत नाक थोडं मुरडलेलं दिसतंय. त्या दिवशी समोर हेल्मेटं वाळत होती.
लंबूने टाकीच्या परांचीवर अगदी वर नेऊन बांधला. एक कोपरा हाताला येईना. मग त्याने बेल्टचा दोर अडकवला, दोन्ही हात मोकळे सोडले आणि सगळा भार बेल्टवर टाकून बाहेर ओणवा झाला. मी खालून सांगत होतो, जरा डावीकडे, नाही, पुन्हा उजवीकडे. बॅनर सरळ होईपर्यंत त्याला तसाच ठेवला. माझ्या प्रोग्रॅमवरचा हा विश्वास बघून मन भरून आलं.

२० फेब्रुवारी, दुपार
ऑडिट. कंपनीच्या सेफ्टी मॅडम आल्या. ठेंगण्याशा बाई. डोक्यावरचं हेल्मेट ओरखड्यांनी भरलेलं, हातमोजे कळकट. पहिल्याच नजरेत निराशा झाली. मी हात जोडून नमस्कार केला, म्हणजे हस्तांदोलन टळलं.
पांढरीशुभ्र हेल्मेटं बघून त्या थबकल्या. मला वाटलं, कौतुक. त्यांनी एक हेल्मेट उचललं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं. कडकन आवाज झाला आणि त्याला वरपासून तडा गेला. म्हणाल्या, थिनर लावलं होतं का? म्हटलं, अर्थात.
मग बेल्टांची लेबलं मागितली. मी स्वच्छतेची कल्पना समजावून सांगितली. त्यांनी बेल्टची शिवण नखाने खरवडली, भुकटी बोटावर घेऊन बघितली. म्हणाल्या, हे सगळे आता कापूनच टाकायचे आहेत, पण त्याआधी सगळ्यांनी एकदा बघा. बेल्ट एका वाळूच्या गोणीला घालायला लावला, बेल्टचा दोर वरच्या पाइपाला अडकवला, गोणी छोट्या क्रेनने उचलली आणि झटक्यात सोडली.
गोणी थांबली नाही. खांद्याचा पट्टा जुन्या नाडीसारखा तुटला. गोणी जमिनीवर फुटली आणि वाळू माझ्या बुटांवर आली.
माणसं गोणीकडे बघत होती, मग बॅनरकडे, मग माझ्याकडे.

तोच दिवस, संध्याकाळ
वाळू ओली होती. ओल्या वाळूचं वजन जास्त भरतं. उद्या लेखी हरकत घेणार.
सगळ्यांचे गेटपास बंद. मेहुणे ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, एवढ्या माणसांच्या घरी काय सांगू?
निघताना लंबू जवळ आला. म्हणाला, साहेब, त्या दिवशी बॅनर बांधताना मी जो घातला होता तो बेल्ट हाच का? सांगता आलं नाही. लेबलंच नव्हती. म्हटलं, तो नसेल बहुतेक. तो मान हलवून गेला. त्याच्या शर्टाला घामाचा वास होता आणि मी एक पाऊल मागे सरलो. हे मला आवडलं नाही, सरलो ते. पण वास होताच.

२१ फेब्रुवारी, सकाळी दहा
वारा सुटलाय. मॅडमचा निरोप: बॅनर शिडासारखा फुगतोय, परांची हलते आहे, ताबडतोब उतरवा, बेल्ट घालूनच. आमच्याकडे धड बेल्ट एकच उरला आहे. माझा, पिशवीतला, लेबलासकट. कधी धुतला नव्हता कारण कधी घातलाच नव्हता. लंबू आणि मी, दोघांना आत सोडलं.
लंबूने हात पुढे केला. म्हणाला, द्या साहेब, आत्ता काढून आणतो. मी त्याच्या मानेकडे बघितलं. माझ्या कोऱ्या बेल्टमध्ये तो घाम मुरणार, आणि मग तो बेल्ट पुन्हा माझ्या अंगावर. शिसारी आली. म्हटलं, नको, मीच जातो. शिवाय कालनंतर माणसांपुढे माझी पत राहायला हवी. आणि फोटो माझा आहे, तो मीच काढावा हे शोभून दिसेल.
तो म्हणाला, साहेब, नका जाऊ. पण मी निघालो आहे.

२१ फेब्रुवारी, रात्र
थोडक्यात लिहितो.
अर्ध्यावर गेलो. खाली बघितलं. फळीवर बसलो आणि पाइपाला मिठी मारली. पाइपावर ग्रीस होतं, पक्ष्यांची घाण होती, गाल त्यावरच टेकलेला. वर बॅनर फडफडत होता. मी, अंगठा वर.
लंबू खालून सांगत होता, डोळे मिटा, लांब श्वास घ्या, मी इथेच आहे. वर यायला निघाला तर मॅडमनी अडवला. बेल्टशिवाय कोणी चढायचं नाही. बरोबरच होतं. बाकीच्या सगळ्या बेल्टांचे तुकडे केलेले होते.
शेवटी कंपनीचा अग्निशामक बंब आला. एक जवान वर आला, मला त्याने सोबत आणलेल्या जादा बेल्टात आवळलं आणि अंगाला बांधून खाली उतरवलं. उतरताना माझं तोंड पूर्णवेळ त्याच्या काखेत होतं. धुराचा, रबराचा, घामाचा वास असणारच. मला आला नाही. खाली पोचल्यावरही मी त्याला सोडलं नाही, दोघांना मिळून बोटं सोडवावी लागली.
बॅनर त्यानेच काढला.
बायकोने कपडे दाराबाहेरच काढायला लावले. नाकाला पदर लावला होता. मग शेजारी बसली. म्हणाली, अहो, तो फिटर पडला असता तर?
नाक पुसलं, सर्दीचं कारण सांगितलं आणि आतल्या खोलीत आलो.

२३ फेब्रुवारी
हरकतीचं पत्र लिहायला घेतलं. वाळू ओली होती, इथपर्यंत लिहिलं. वाळू कोरडी होती. बुटांवरून नुसती झटकली तर गेली. पत्र फाडलं.

२८ फेब्रुवारी
नवीन बेल्ट आले, हेल्मेटंही. कंपनीने एक संधी दिली आहे. मेहुण्यांनी मला काढलं नाही. बायकोने शब्द टाकला असणार. मी विचारलं नाही. काम एवढंच, की रोज सकाळी बेल्ट मी स्वतः हाताने द्यायचे.
टूलबॉक्स टॉकसाठी भाषण तयार होतं. विषय: नव्या पर्वाची सुरुवात. माणसं ओळीने उभी होती. आज कोणी जांभई देत नव्हतं. भाषण खिशातच ठेवलं आणि वाटायला सुरुवात केली.
पहिला लंबू. मी त्याच्या हातात कोरा करकरीत बेल्ट दिला. त्याने लेबल वाचलं, पुढून आणि मागून. मग सगळ्यांसमोर बेल्ट नाकाशी नेला आणि सावकाश वास घेतला, खांद्याच्या, मग मांडीच्या पट्ट्यांचा. म्हणाला, साहेब, हा धुतलेला नाही ना?
म्हटलं, नाही, कोरा आहे.
त्याने ऐकलं, आणि तरी बेल्ट शेजारच्याकडे वास घ्यायला दिला.