कोमुसाशिवाय लिंपण

३ एप्रिल, सोमवार
कोमुसाला काढून टाकलं. गवंडी म्हणे. मातीत भाताचा कोंडा घालून महिना होत आला, तरी म्हणतो अजून कुजू दे. गल्लीभर वास. मातीच ती. आज कालवली, उद्या लावली. त्याच्या आजानं हे घर बांधलं म्हणून जन्मभर त्याचंच ऐकायचं का? आमच्याकडे चहाचे तीन पेले झाल्याशिवाय कोणी उठत नाही. तो तिसरा पेला तसाच ठेवून गेला.
राजधानी बामाकोतल्या पर्यटन एजंटाला कळवलं, मेअखेर घराचा फोटो पाठवतो. आमची मातीची घरं बघायला गोरे येतात, आता माझ्या गच्चीवर राहतील. अख्ख्या जेने गावात असं घर नाही. आहेत, पण एवढं नीट चालवणार कोण?

९ एप्रिल
दुसरा गवंडी बोलावला. चहा प्याला, भिंतीची तारीफ केली, गेला. कोमुसानं सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. तिसऱ्याचंही तेच. ज्या घराचा जो गवंडी, तोच. मला काय ठाऊक नाही? पण माणसानं जरा पुढं जावं.
कोमुसाला विचारायला मी जाणार नाही. स्वतः लिंपणार.

२० एप्रिल
झालं लिंपण. कुजकी माती फेकली, नदीवरून ताजी आणली. शिडीवरून एकदा पडलो, तेही खालच्याच पायरीवरून. फोटो पाठवला. पेंदा म्हणाली, शेळ्यांचा गोठा याहून बरा लिंपलाय. बायकोला कामातलं काय कळतं?

७ मे
लिंपणाचे पापुद्रे सुटले. एजंटानं विचारलं, जुनं दिसावं म्हणून मुद्दाम केलंय का. हो म्हणालो.
कोमुसा आखातात गेलाय. तिथल्या कुठल्या हॉटेलवाल्यांनी नेलं. उंट धुवायला नेला असेल. या वयात कोण ठेवतंय? रडत परत येईल. तेव्हा बघू.

२२ मे, सोमवार
पाहुणे येत नाहीत. एजंट म्हणतो, इकडचा रस्ता बरा नाही, आणि आखातात त्या हॉटेलनं जेनेच उभं केलंय. आत थंड हवा. लोक तिकडेच जातात.
जावयाच्या फोनवर फोटो पाहिला. आमचंच घर. तेच मनोरे, भिंतीतून निघालेले तेच लाकडी खुंट. दार तर आमच्याहून सरळ. पेंदा बराच वेळ बघत बसली. मला आनंदच झाला. घराचं नाव झालं.

१० जून
वादळ. मागची भिंत फुगली. पेंदा चटया गुंडाळून लेकीकडे गेली. मी जाणार नाही. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.
कोमुसाला फोन केला. मिनतवारीसाठी नव्हे, तब्येत विचारायला. ओघात म्हणालो, मी तर तुला काढलंय, तेव्हा दुसऱ्या कोणाला हात लावू दे. तो हसला.
"काढलंस कधी? मला वाटलं, रागावलायस. तुझ्या घराचा गवंडी मीच, बाबा. पाऊस संपला की येतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस."
माणूस सरळ आहे. मी कधी वाईट बोललो नव्हतो.

२६ जून, सोमवार
मागची भिंत पडली. बाजारातले सगळे गवंडी येऊन उभे राहिले. फार वाईट वाटलं म्हणाले. एकानं टेकूचा बांबू पाठवला. लावला मीच.

२ जुलै
एजंटाचा फोन. हॉटेलात त्या घराच्या दाराशी बसायला एक म्हातारा हवाय. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. कोमुसानं माझं नाव सुचवलंय. मी म्हणालो, असला तमाशा मला चालत नाही. दोन दिवसांनी सांगतो.
पेंदाला सांगितलं. ती म्हणाली, "न बोलता? मग ते तुम्हाला जमायचं नाही."
डोक्याचं मुंडासं धुवायला टाकलं. असंच.

८ जुलै
एजंटाला मीच फोन केला. जागा भरली. मी कळवेना, म्हणून कोमुसालाच बसवलंय. पाहुण्यांना आवडला. वर्षभर तरी सोडणार नाहीत.
त्यालाही फोन लावून पाहिला. कामावर असताना उचलू देत नाहीत.
आज पुन्हा पाऊस पडून गेला. आत बसण्यासारखं राहिलं नाही, म्हणून खुर्ची दाराबाहेर आणली. समोरून घर अजून चांगलं दिसतं.