नांगराच्या जागी चप्पल

३ नोव्हेंबर

नांगर गायब! सकाळी वखार उघडली, तर नांगराच्या चौथऱ्यावर एक चप्पल. एकच! पाटी मात्र जागच्या जागी — 'लोखंडी नांगर. देणार : जाळीवाली मावशी.' डोकंच फिरलं माझं. धक्क्यावरच्या या रिकाम्या वखारीत होड्यांच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडायचं म्हणून वर्षभर घरोघर फिरले, लोकांच्या हातापाया पडले, ते काय चपला मांडायला?

तशीच मावशीकडे गेले. निवांत जाळं विणत बसलेली. एका पायात चप्पल!

"अगं, पोराचा नांगर खडकात अडकून राहिला, म्हणून आपला नेला. येईल की परत. चप्पल ठेवलीय ना?"

ही इथली जुनीच रीत. शेजारणीकडून काही नेलं की आपली एक चप्पल तिच्या दारात ठेवायची. एका चपलेवर माणूस किती दिवस काढणार? येतोच परत. पण म्हणून संग्रहालयात?

८ नोव्हेंबर

नांगर आला. नेला त्याहून चकचकीत! वल्ही गेली.

९ नोव्हेंबर

कुलूप लावलं. मावशी तणतणत आली. "आमच्याच वस्तू, आणि आमच्यासाठीच कुलूप? चोर समजतेस काय गं?" दुपारी मुकाट्याने काढलं. वल्हीवाल्याने तेवढ्यात मला चिडवून घेतलं — "ताई, आता चपलांचंही कपाट करा!"

१२ नोव्हेंबर

बाबांकडे होकायंत्र मागितलं. पुन्हा नाही म्हणाले. आई गेल्यापासून होडीत पाऊल टाकलेलं नाही त्यांनी. आमची होडी धक्क्याला नुसती डुलत असते, आणि बाबा खिडकीकडे पाठ करून खुर्चीत. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मी त्यांच्यासाठीच केला. या निमित्ताने तरी उठतील, धक्क्यावर येतील.

आज म्हणाले, "मेलेल्या वस्तूंचं घर ते. तिथे मी काय करू?"

आधी रडू आलं, मग राग. भाजीत मीठ जास्त पडलं. बिचाऱ्यांनी निमूट खाल्ली.

१९ नोव्हेंबर

उद्या पाहणी. बंदर खात्याच्या साहेबबाई येणार. त्यांना पसंत पडलं तर वखार आमची, नाहीतर बर्फवाल्यांचं गोदाम. सगळं पुसलं, झाडलं. एकूण एक वस्तू जागेवर! झोप कसली येतेय.

२० नोव्हेंबर

शीड गायब!! भिंतभर टांगलेलं ते जुनं शीड — आणि खिळ्याला लोंबतेय चप्पल. मी ती काढणार, तोच साहेबबाई दारात. त्यांनी पाटी वाचली. चपलेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे शीड?"

मी उगाच पाटी पुसायला लागले. पाहणी बघायला आलेली मावशी मात्र धीट! समुद्राकडची खिडकी धाडकन उघडली. "पोराचं इंजिन काल खोकत होतं बाई, म्हणून रात्री बरोबर घेऊन गेला. ते बघा, येतंय तुमचं शीड!"

आणि खरंच! इंजिन बंद, शीड टम्म फुगलेलं, मावशीच्या पोराची होडी ऐटीत धक्क्याकडे येत होती. साहेबबाईंनी पर्स माझ्या हातात कोंबली आणि दोर झेलायला पळाल्या. परत आल्या त्या कोपरापर्यंत भिजून, हसत हसत.

"असलं संग्रहालय पाहिलं नव्हतं हो! मंजूर. फक्त चपलेचीही एक पाटी लावा, लोकांना कळू दे."

मावशीला मिठीच मारली मी.

संध्याकाळी बाबांना सगळं रंगवून सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "फाटलं नाही ना कुठे? त्याचा खालचा कोपरा मी शिवला होता."

"तुम्हीच येऊन बघा," म्हटलं.

२३ नोव्हेंबर

बाबा आले! न सांगता, आपले आपण. शिडाचा कोपरा चाचपला, "धरलाय अजून," म्हणाले. मग खिशातून होकायंत्र काढून फळीवर ठेवलं. "पाटी लिही."

इतकं वळणदार अक्षर मी शाळेतही काढलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

होकायंत्र नाही. त्या जागी बाबांची चप्पल. खिडकी उघडली — धक्क्यावर आमची होडीही नाही!